बोनेरचं मीठ

बोनेर बेटावर डायव्हिंगला बोट लागतेच असं नाही. रस्त्याकडेला पिवळा दगड दिसला की गाडी थांबवायची, पाठीवर सिलिंडर चढवायचं आणि सरळ पाण्यात शिरायचं.

आज मिठाच्या धक्क्याखाली उतरले. जहाज लागलेलं नसेल तेव्हाच इथे परवानगी. खांबांवर स्पंज आणि प्रवाळ दाटलेले. खोल गेलं की पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. टॉर्च लावला की तो भडकून परत येतो. पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा कुडकुड आवाज स्पष्ट येतो. खाल्लेला प्रवाळ मग वाळू होऊन बाहेर पडतो. (ज्या पांढऱ्या वाळूवर आपण लोळतो, ती बरीचशी माशांची विष्ठा!) १९७९ पासून हा समुद्र संरक्षित आहे, हातमोज्यांना बंदी आहे. उघड्या हाताने प्रवाळ धरायला कोण धजावेल? नियम शहाणा आहे.

वर मात्र मन रमेना. मिठागरांच्या कडेला गुलामांच्या दगडी खोपट्या, १८५० च्या सुमाराच्या. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. गुलामगिरी संपली १८६३ मध्ये. मीठ अजूनही इथूनच जहाजात चढतं. गटातले बाकीचे खोपट्यांसमोर सेल्फी काढत होते. मला त्यात उभं राहावंसं वाटलं नाही.