अलिबाग ते चौल : मुलाबाळांसह सायकलवरून

अलिबाग म्हटले की मोठमोठे बंगले, हॉटेले आणि शनिवार-रविवारची मोटारींची रांग एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. ‘ते पैसेवाल्यांचे गाव, आपले तिथे काय काम?’ असे मुंबईचे आमचे नातेवाईक आम्हाला विचारतात. त्यांना आम्ही सांगतो की समुद्र पाहायला तिकीट लागत नाही, आणि अलिबाग ते चौल हा रस्ता पाहायला जुनी सायकल पुरते.

आपल्या वस्त्यांत सायकल आहे, पण ती कामाची. कारखान्याची पाळी गाठायची, पेपर टाकायचे, दळण आणायचे, यासाठी ती वापरायची. बायका-मुलांना घेऊन तिच्यावरून फिरायला जाता येते हे आपल्याला फारसे सुचत नाही. आमच्या बुद्धविहारातील चार-पाच कुटुंबे महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी सहाला निघतात आणि वंदनेच्या वेळेपर्यंत परत येतात. त्या अनुभवावरून हे लिहीत आहोत.

भरती-ओहोटीचे गणित

समुद्रकाठी फिरायचे तर आधी पाण्याची वेळ समजून घ्यावी लागते. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा होते आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते. त्या दिवशी आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास होते, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते आणि पाणी खूप दूर गेलेले असते. मागे राहिलेली ओली वाळू इतकी घट्ट असते की लहान मुलाची सायकलही रुतत नाही. आपल्या धम्मात पौर्णिमेचे महत्त्व आहेच. मुलांना किनारा दाखवायचा तर पौर्णिमेच्या सकाळसारखी दुसरी वेळ नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी अलिबागच्या किनाऱ्यापासून वरसोलीपर्यंतचा दोनेक किलोमीटरचा टप्पा पुरेसा आहे. मागे सुरूची झाडे, पुढे कोळी बांधवांच्या होड्या, आणि समोर पाण्यात कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झाला. ओहोटीला तिथे चालत जाता येते. सायकली किनाऱ्यावरच ठेवाव्यात, आणि किल्ल्यावर चढण्याआधी भरती कधी सुरू होते हे कोळी बांधवांना विचारून घ्यावे. पाणी चढू लागले की ते कोणासाठी थांबत नाही.

किनाऱ्याजवळच भूचुंबकीय वेधशाळा आहे. पूर्वी ती मुंबईच्या कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने चुंबकाची मोजमापे बिघडतील म्हणून 1904 साली हे काम अलिबागला आणले. मोजमापाच्या इमारतीत लोखंड वापरलेले नाही. ‘मग आपल्या सायकली आत नेल्या तर?’ असे आमच्या मुलांनी विचारले. मुले असे विचारू लागली की सहलीचे चीज झाले समजावे.

आक्षी, नागाव आणि एक प्रश्न

आठ-दहा वर्षांची, स्वतःची सायकल चालवणारी मुले असतील तर दक्षिणेकडे निघावे. खाडीवरचा पूल ओलांडला की आक्षी येते. अलिबागपासून हे अंतर सुमारे पाच किलोमीटर. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक याच गावात आहे. तो शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा, शिलाहारांच्या काळातला मानला जातो. आपण घरात बोलतो ती भाषा हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर कोरली, हे शाळेत जाणाऱ्या मुलांना सांगावे. अक्षराची ताकद त्यांना तिथे डोळ्यांनी दिसते.

पुढे नागाव. दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीच्या वाड्या असल्याने सावली असते आणि रस्ता सपाट आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला टांगलेल्या दिसतात.

एका रविवारी नागावला एका वाडीच्या दारात आम्ही थांबलो. मालकीणबाईंनी कळशी आणि पेले आणून ठेवले, मुले हाताने पाणी घेऊन प्यायली. आमच्यातल्या एक आजी एसटीने नागावपर्यंत आल्या होत्या. त्या बराच वेळ त्या पेल्यांकडे बघत होत्या. परतताना त्यांनी मुलांना सांगितले, ‘आमच्या लहानपणी गावात आम्ही दूर उभे राहायचो. ओंजळ पुढे करायची, आणि ते वरून पाणी ओतायचे. भांड्याला हात लावायचा नाही.’

आठ वर्षांच्या मुलीने विचारले, ‘आणि ओतायला कोणी नसले तर?’

‘तर तहानलेलेच घरी यायचे,’ आजी म्हणाल्या. ‘म्हणून तर बाबासाहेब महाडला गेले.’

महाड याच जिल्ह्यात आहे. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी तिथे जी परिषद भरली, ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. रायगडचे त्या वेळचे नाव कुलाबा. हजारो माणसे शिस्तीने, रांगेने महाडच्या भर रस्त्यातून चवदार तळ्यावर गेली. पाण्याइतकाच तो रस्ताही महत्त्वाचा होता. ज्यांच्या पूर्वजांना पेशवाईत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागले, ती माणसे त्या दिवशी भर बाजारातून ताठ मानेने चालली. आज आपली मुले घंटी वाजवत याच जिल्ह्याच्या रस्त्याने जातात, तेव्हा हा रस्ता कोणी मोकळा केला हे त्यांना ठाऊक असायला हवे. पुस्तकातला धडा ती विसरतील. पाणी पिऊन झाल्यावर ऐकलेली गोष्ट विसरणार नाहीत.

चौलची लेणी

बारा वर्षांपुढील मुलांनी चौलपर्यंत यावे. अलिबागहून हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. परत येताना ऊन लागते, म्हणून जाऊन-येऊन संपूर्ण दिवस धरावा, आणि लहानांना व वडीलधाऱ्यांना एसटीने न्यावे.

चौल हे प्राचीन बंदर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. तेव्हाचे नाव चेमुल. येथून जहाजे परदेशी जात, आणि व्यापारी व कारागीर त्या मिळकतीतून भिक्खुसंघाला दान देत. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखात चेमुलच्या दात्याची नोंद कोरलेली आहे. चौलच्या हिंगुळजादेवीच्या डोंगरातही बौद्ध लेणी आहेत. ती लहान आहेत. कार्ल्या-भाज्यासारखी भव्यता तेथे शोधू नये. पण डोंगरावरून खाली नारळाच्या वाड्या आणि पलीकडे खाडी दिसते, तेव्हा भिक्खूंनी ही जागा का निवडली असेल ते कळते. तिथे पाच मिनिटे शांत बसावे, त्रिसरण-पंचशील घ्यावे, आणि येताना आपला कचरा पिशवीत घालून परत आणावा. चौलच्या पुढे रेवदंडा आहे. तेथे पोर्तुगिजांच्या किल्ल्याच्या तटबंदीतूनच रस्ता जातो. मुलांना त्याची मोठी गंमत वाटते.

याच तालुक्यात चरी हे गाव आहे. 1933 साली तेथील कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. सहा वर्षे शेती पडीक राहिली, पण शेतकरी नमले नाहीत. नारायण नागू पाटील यांनी त्या संपाचे नेतृत्व केले. 1934 साली चरीला भरलेल्या शेतकरी परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि 1937 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. चरीला मात्र मुलांना घेऊन सायकलने जाऊ नये. वडखळकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर अवजड वाहनांची रहदारी फार आहे. एसटीने जावे.

निघण्यापूर्वी

लहान मूल मागे बसवायचे असेल तर चाकाला जाळी लावून घ्यावी. मुलांचे पाय आरीत अडकून होणाऱ्या जखमा वाईट असतात. साडीचा पदर आणि ओढणी खोचून बांधावी. रांगेत पुढे एक मोठे माणूस आणि सर्वांत मागे एक मोठे माणूस असावे, मुले मध्ये. नऊनंतर मोटारी वाढतात, म्हणून त्याआधी परतावे. वाळूतून आलेली सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून साखळीला तेल द्यावे. खारे पाणी लोखंड खाते. बरोबर पाणी, भाकरी-चटणी, उकडलेली अंडी आणि पंक्चरचे सामान घेतले की खर्च संपला.

शेवटी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. आपल्या घरात सायकल येते ती मुलाच्या नावाने. मुलगी दहावीपर्यंत चालवते, मग ‘आता मोठी झालीस’ म्हणून ती सुटते. आईला तर कोणी शिकवलेलीच नसते. आमच्यातील दोन भगिनी पस्तिशीनंतर, वरसोलीच्या वाळूवर, आपल्याच मुलांकडून सायकल शिकल्या. वाळूत पडले तर लागत नाही आणि पहाटे हसायलाही कोणी नसते. आज त्यांतील एक भगिनी सायकलने कामावर जातात. रिक्षाचे रोजचे पैसे वाचतात, आणि कुठे जायचे असेल तर कोणाची वाट पाहावी लागत नाही. एखाद्या समाजाची प्रगती बाबासाहेब त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. ते माप आपल्या घरातल्या सायकलीलाही लावून पाहावे.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, येत्या पौर्णिमेच्या सकाळी जवळचा समुद्र, नदी किंवा तळे गाठा. सायकलवर मुलगा बसवाल तशी मुलगीही बसवा, आणि आईच्या हातीही हँडल द्या. अलिबागला आलात तर सहाच्या आत किनाऱ्यावर या. वाळू घट्ट असेल.

जयभीम!