संथ यंत्राची कैफियत

यंत्र सर्वस्वी बंद पडले तर त्याची तक्रार निदान स्पष्ट असते; परंतु जे यंत्र कळ दाबल्यावर काही काळ निश्चल राहते, मग सावकाश उजळते आणि एकदा जागे झाले की दिवसभर निर्वेध चालते, त्याचा तपास मोठा बिकट, कारण दुरुस्तीस बसावे तोवर आरोपी फरार झालेला असतो. माझा हौशी रेडिओचा जुना ट्रान्सीव्हर थंडीच्या दिवसांत सकाळी नेमका असा वागू लागला.

व्हॉल्व्हच्या काळी हा विलंब स्वभावधर्मच होता. कॅथोड तापून त्यातून इलेक्ट्रॉन सुटू लागेपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धे मिनिट, श्रोता निमूटपणे थांबे. ट्रान्झिस्टरने ती मुदत रद्द केली, आणि तेव्हापासून संचाचा आळस हा स्वभाव न राहता रोगाचे लक्षण ठरला.

जाणता कारागीर प्रथम संच उघडीत नाही. 13.8 व्होल्टांचा पुरवठा संचाच्या तोंडाशी, भार असताना, पुरा पोहोचतो की नाही, हे तो मीटरने पाहतो. फ्यूजच्या खोबणीतला गंज किंवा तडकलेला डाग एवढ्यावरही पुष्कळदा प्रकरण निकालात निघते. तसे न झाल्यास संशय जातो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. त्यातील द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो, अंतर्गत रोध वाढतो, गारठ्यात तो अधिकच वाढतो. परिणामी पुरवठा थरथरत राहतो आणि नियंत्रक चिप, व्होल्टता स्थिर झाल्यावाचून, कामावर रुजू होत नाही. प्रवाहाने कपॅसिटर किंचित तापला, की रोध उतरतो आणि पुरावाही नाहीसा होतो! म्हणून चौकशी थंड संचाचीच करावी: एकेका भागाला बेताची ऊब द्यावी, आणि ज्याच्या उबेसरशी संच तत्काळ जागा होतो, त्याची जबानी घ्यावी. माझ्या संचात नियंत्रकाच्या पुरवठ्यावरचाच एक क्षुल्लक कपॅसिटर दोषी निघाला.

सरसकट सारे भाग बदलून मोकळे होणारे कारागीर मला रुचत नाहीत. त्यांना संच मिळतो, कारण मिळत नाही. मात्र ‘चालतो आहे ना, मग चालू द्या’ ही वृत्ती त्याहून घातक. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप झाला तो पहाटे, आणि त्यानंतर संदेशवहनाच्या कामी हौशी रेडिओचालकही धावून गेले होते. अशा प्रसंगी संच तापण्याची वाट कोण पाहणार?

तेव्हा आपला संच रेंगाळू लागला असेल, तर तो बंद पडण्यापूर्वीच उघडा. नवा कपॅसिटर मूळच्याच क्षमतेचा, निदान तेवढ्याच व्होल्टतेचा घ्या, आणि धन-ऋण टोके तपासूनच डाग द्या, कारण उलटा जोडलेला कपॅसिटर फुटतो.