वाटा

अमेरिकेतल्या भाच्याच्या एका फोनमुळे हे सारे घडले. तिकडे तो आणि त्याचे तीन शेजारी मिळून शेतकऱ्याकडून अख्खे जनावर विकत घेतात, चार वाटे करतात आणि मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवून महिनेन्‌महिने खातात. जनावर कसले, हे त्याने सांगितले. त्याच्या आईने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने गाय आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळू या व्यवहारातून बाहेर गेले आहेत. पण मला भुरळ पडली ती जनावराची नव्हे, हिशेबाची. मधला व्यापारी नि दुकानदार वगळला की केवढी बचत!

दौंडच्या आमच्या आळीत मी ही कल्पना मांडली. गार्डसाहेब, मास्तर आणि कंपाउंडर नाना तत्काळ भागीदार झाले. आखाड सरत आला होता. श्रावण लागण्यापूर्वी बेत तडीस जायला हवा होता. शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर चांगला बोकड असल्याची बातमी नानांनी आणली. चौफुल्यावर चहा घेऊन, पारगावला भीमा ओलांडून आम्ही न्हावऱ्याच्या पुढे गेलो. नदीकाठचा ऊस मागे राहिला आणि माळ सुरू झाला.

वस्तीवर एक म्हातारी एकटीच होती. बोकड बाभळीला बांधलेला, उस्मानाबादी, काळाभोर. काटा आम्ही बरोबरच नेला होता. अठ्ठावीस किलो भरला. म्हातारीने बारा हजार सांगितले, मी साडेदहा म्हणालो. आता तासभर घासाघीस होणार म्हणून मी बैठक मारली, तोच तिने रस्त्याकडे पाहिले.

"अकरा हजार दोनशे द्या साहेब, आन् न्या बिगीनं. पोरगी साळंतून यायच्या आत न्या. नातीनंच त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलाय."

"मग विकता कशाला?"

"तिच्याच वह्या-पुस्तकांला."

आठशे रुपये सुटले म्हणून मी नानांकडे विजयी मुद्रेने पाहिले. म्हातारीने बोकडाच्या गळ्यातले दावे सोडून हाताला गुंडाळले. "दावं ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी," एवढेच म्हणाली. गार्डसाहेबांच्या पंचाने बांधून आम्ही बोकड गाडीत घातला.

दौंडला खाटकाने चार वाटे घातले. काळीज, छाती, रान, सगळे सारखे. प्रत्येकाने एकेक खूण दिली: किल्ली, बटण, नाणे, खडा. मास्तरांच्या नातवाने डोळे मिटून त्या वाट्यांवर ठेवल्या. तक्रारीला जागाच उरली नाही.

रात्री मी सौ.ला हिशेब वाचून दाखवला. मटण चौदा किलो. बोकड, खाटकाची मजुरी आणि पेट्रोल धरून साडेबारा हजार. म्हणजे किलोला आठशे त्र्याण्णव! नाक्यावरच्या दुकानात आठशे होते. मला वाटले, ती हसेल. ती हसली नाही.

"अहो, त्या बाईंना घाई होती म्हणून आठशे सुटले ना?"

चार वाटे सारखे घातले होते, पण पाचवी वाटेकरीण हिशेबात धरलीच नव्हती. दुकानदार नफा घेतो हे खरे. पण त्या बाभळीखाली आपल्याऐवजी दुसरे कुणी उभे राहते, ही सोय त्याच पैशात होते, हे मला तोवर सुचले नव्हते.

घरटी दोनशे काढून पुढच्या रविवारी मी आणि नाना पुन्हा वस्तीवर गेलो. म्हातारीने पैसे मोजले आणि कनवटीला लावले. नात घरीच होती. तिने तांब्याभर पाणी आणून दिले. दावे बाभळीला तसेच अडकवलेले होते.

निघताना ती पोर हळूच म्हणाली, "साहेब, पुन्हा येणार असाल तर आधी सांगा. मी मामाकडं जाईन."

श्रावण झाला, गणपती झाले. आळीत वाट्याचा विषय पुन्हा निघाला, तेव्हा मी गप्प राहिलो. हल्ली मी नाक्यावरून अर्धा किलो आणतो. भाव करीत नाही.