डोक्यातली दौलत

मिरकरवाड्याच्या बंदरात ज्यांची स्वतःची होडी नाही त्यांनी बर्फ फोडायचा आणि मासळीच्या टोपल्या वाहायच्या. आमच्या आजोबांच्या पिढीने तेच केले. आमच्या वाट्याला ना होडी आली, ना आंब्याची कलमे. म्हणूनच लुई सोकोलॉफ या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाच्या आजोबांविषयी वाचले, तेव्हा ते आम्हाला आपल्यातलेच वाटले.

सोकोलॉफ यांचा जन्म १९२१ साली फिलाडेल्फियात, परदेशातून आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. आजोबांनी नातवाला बजावले, की सारी मिळकत डोक्यात राहील असाच पेशा निवड. आपण ज्यू, आज ना उद्या छळ होईल, घरदार जाईल, पण डोक्यातले कोणी हिरावून घेणार नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, ते याहून वेगळे काय होते?

नातू डॉक्टर झाला आणि माणसाच्या डोक्याचाच हिशेब मांडू लागला. मेंदूचे वजन शरीराच्या शंभरात दोन भाग, पण शरीराला लागणाऱ्या शक्तीचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम साखर त्याला लागते आणि जवळ साठा जवळपास नाहीच. १९५५ साली सोकोलॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना गणिते सोडवायला दिली आणि मेंदूला लागणारा प्राणवायू मोजला. तो वाढलाच नाही! (गणिताने डोके दमते म्हणणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी हे ध्यानात घ्यावे.)

एकूण बेरजेवरून काही कळेना. मेंदूचा कोणता भाग किती साखर घेतो, हे पाहायला हवे होते. त्यासाठी डीऑक्सिग्लुकोज नावाचा साखरेसारखा पदार्थ उपयोगी पडला. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण तो पुढे पचत नाही आणि बाहेरही निघत नाही. जाळ्यात शिरलेल्या मासळीसारखी त्याची गत होते. त्याला किरणोत्सारी खूण लावली, की तो कुठे अडकला ते दिसते. याच तत्त्वावर १९७६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. सोकोलॉफ यांची मूळ पद्धत १९७७ साली छापून आली. १९८१ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

कर्करोगाच्या पेशी साखर अधाशासारखी घेतात, हे जर्मनीच्या ओटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवले होते. १९८२ साली डी कीरो यांनी मेंदूच्या गाठींवर हीच तपासणी केली. जितकी गाठ घातक, तितकी तिची साखरेची ओढ जास्त, असे त्यांना दिसले. ही ‘पेट’ तपासणी २००२ साली मुंबईत परळला सुरू झाली. आमच्या कोकणातल्या गिरणी कामगारांचे तेच परळ.

पण या तपासणीवरून वस्त्यांत एक भलताच समज पसरला आहे. गाठ साखर खाते, तर रोग्याचा भात बंद करा, गाठ उपाशी मरेल! आमच्या ओळखीच्या एका मावशींचा भात, भाकरी, फळे सारे घरच्यांनी असेच बंद केले. मावशी पंधरा दिवसांत खंगल्या. मुळात जेवण तोडले, तरी यकृत अंगातल्या मांसापासून साखर तयार करून रक्तात सोडतेच. गाठीला ती मिळत राहते, झिजतो तो रोगी. अशक्त रोग्याला औषधोपचारही सोसवत नाहीत. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील ते पथ्य.

आणखी एक. निरोगी मेंदूही साखर खातो, म्हणून या चित्रात तो प्रत्येकाचाच उजळ दिसतो. त्यामुळे मेंदूतली गाठ एवढ्यावरून ओळखता येत नाही. एमआरआय लागतो, बहुधा गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. अहवालातला ‘उजळ’ शब्द वाचून घरात रडारड करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

मावशींच्या डॉक्टरांनी घरच्यांना चांगलेच खडसावले. आता त्यांची सून रोज सकाळी त्यांना पेज देते, दुपारी भात आणि बांगड्याचे कालवण.