मराठी न येणाऱ्यांचं ऋण

मुद्रितशोधक म्हणून माझी उभी हयात मराठी मजकुरावर गेली. पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, प्रकाशकाचं असतं. ज्याने खिळे जुळवले, ज्याने प्रुफं वाचली, त्याचं बहुधा नसतं. म्हणून अशा माणसांची आठवण ठेवायची सवय मला या धंद्यानेच लावली. यंदा नवा लॅपटॉप घेतला आणि त्या आठवणीत काही नवी माणसं आली. त्यांतली कित्येक मराठी वाचूही शकत नसतील. तरी त्यांच्यावाचून माझं मराठी पडद्यावर धड उमटलं नसतं.

जुन्या संगणकावरचा माझा सगळा मजकूर एका विशिष्ट फाँटात होता. त्या कंपनीचं सॉफ्टवेअर जिथे असेल तिथेच तो मराठी दिसायचा. नसेल तिथे नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड. संगणक बदलायचा तर परवानाही नवा घ्यायचा. मीच तपासलेला मजकूर उघडायला मला दुसऱ्याची परवानगी लागते, हे मला फार खुपायचं.

भाची पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. ती म्हणाली, "मामा, या वेळी सगळं मोकळंच घेऊ या. मी उबुंटू ही संगणकप्रणाली आणते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, पटलं तरच डिस्कवर टाकू." त्याप्रमाणे लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू झाला. वायफाय लागेना, तेव्हा तिने आपला मोबाइल वायरीने जोडून इंटरनेट घेतलं आणि लागणारा ड्रायव्हर उतरवला. मग लिबरऑफिस उघडून दिलं, कीबोर्डला इनस्क्रिप्ट मांडणी लावली आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "आता तुम्ही याची परीक्षा घ्या."

माझी परीक्षा ठरलेली आहे. मी 'दर्या' लिहिलं आणि त्याखाली 'दऱ्या'. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. फरक सगळा र च्या वळणात. पहिल्यात तो य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात य च्या अलीकडे आडव्या चंद्रकोरीसारखा येतो. इनस्क्रिप्टमध्ये जे च्या कळीवर र आहे, शिफ्ट दाबली की ऱ. ऱ दाबला, मग डी वरचा हलन्त, मग य आणि काना. य उमटताक्षणी पायमोडका ऱ नाहीसा झाला आणि तिथे ती नेमकी, रेखीव कोर आली. मग 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' लिहून पाहिलं. मग 'किती' लिहिलं: कळ आधी क ची दाबली, वेलांटी नंतरची, पडद्यावर मात्र वेलांटी आपणहून क च्या आधी जाऊन उभी राहिली.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते खिळाजुळारी हेच काम बोटांनी करायचे. जोडाक्षर आलं की न बघता हात बरोबर त्या खणात जायचा. र चे प्रकार त्यांनी मला खिळे हातात देऊन शिकवले. आता तेच काम लॅपटॉपच्या आत कोण करतं, असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "हार्फबझ."

हार्फबझ म्हणजे अक्षरं जुळवणारा कोड. युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो: क आधी, वेलांटी मागून. तो वाचणाऱ्याला हव्या त्या रूपात मांडायचं काम याचं. लिबरऑफिसमध्ये, फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, अँड्रॉइड फोनमध्ये तोच आहे. तो घडवण्यात प्रमुख हात बेहदाद एस्फाहबोद यांचा. इराणमध्ये वाढलेले, कॅनडात पुढचं शिक्षण घेतलेले. त्यांची लिपी उजवीकडून डावीकडे जाते. माझ्या 'दऱ्या'तली कोर मात्र त्यांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या कष्टाने जागेवर बसते.

दुसरं ऋण हंगेरीतल्या लास्लो नेमेथ यांचं. चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढणारा हनस्पेल हा शुद्धलेखन तपासनीस त्यांनी हंगेरियनसाठी उभा केला. इंग्रजीला शब्दांची लांब यादी पुष्कळशी पुरते. हंगेरियनला पुरत नाही, कारण तिच्यात शब्दाला मागून प्रत्यय चिकटतात. 'हाझ' म्हणजे घर, 'हाझबन' म्हणजे घरात. आपलंही तेच: घर, घराला, घरातून, घरासमोरच्यांनासुद्धा. म्हणून हनस्पेलमध्ये शब्दांची एक फाइल आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी, अशी मांडणी आहे. आपल्या भाषेची अडचण सोडवताना या माणसाने माझ्या भाषेचीही वाट मोकळी केली. त्या मांडणीत मराठी शब्द भरले ते आपल्याच स्वयंसेवकांनी, नोकरीधंदा सांभाळून.

आपल्या माणसांचं देणंही थोडं नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान, भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली, आणि तिच्याच आधाराने १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला मिळालेली जागा, हा सगळा पाया त्यांनी घातला. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या 'मंगल' फाँटात तर एका पिढीने संगणकावरचं मराठी वाचलं. आज मी ज्या 'मुक्ता'मध्ये लिहितो, तो मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने मोकळ्या परवान्यावर सगळ्यांना दिला आहे.

हे देणाऱ्यांना मी भेटणार नाही. भेटलो तरी काय देणार? आपल्याकडे ऋषिऋण शिकून आणि शिकवून फेडायचं असतं. ज्याच्याकडून घेतलं त्याला परत द्यायचं नसतं, पुढच्याला द्यायचं असतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि त्यातून पुढे जो परवाना आला त्यात हेच कायद्याच्या भाषेत आहे: वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, पण वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्या. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला, माझ्या उबुंटूच्याही मुळाशी असलेला लिनक्सचा गाभा याच परवान्याखाली आहे. हे वाचलं तेव्हा मला कुठल्या परक्या घरात आल्यासारखं वाटलं नाही. फुकट मिळालं म्हणून हात झटकून मोकळं व्हायचं नाही, ही आपलीच शिकवण आहे.

मला कोड लिहिता येत नाही. शब्द तपासता येतात. शेतीवरचं एक पुस्तक तपासताना 'पाभर' आणि 'तिफण' यांच्याखाली लाल रेघ आली. शब्द बरोबर, सामान्यरूपही बरोबर. तपासनिसाच्या कोशात मात्र नव्हते. तेव्हापासून मी अशा शब्दांची फाइल ठेवतो. शब्द, त्याचं लिंग, त्याचं सामान्यरूप, एकेका ओळीत. अवजारं, भांडी, नात्यांची नावं, कोकणातले माशांचे प्रकार, जे प्रुफांत भेटेल ते. भाची ती फाइल कोशाचं काम करणाऱ्यांकडे पाठवते. तिने मला हे दार उघडून दिलं, तिचं ऋण वेगळंच; तेही तिला परत नको आहे. ती म्हणते, "मामा, तुम्ही शब्द पाठवत राहा." पाभर लिहिणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीला आपलाच शब्द चुकीचा आहे असं वाटू नये, एवढं काम मला करता येण्याजोगं आहे आणि ते मी करणार आहे.