पाइपांचं गाव सां-क्लोद

जिनिव्हाला गेलेली आपली मंडळी तळं, कारंजं आणि चॉकलेट पाहून परततात. हाताशी एक दिवस जास्तीचा असेल, तर सीमा ओलांडून फ्रान्सच्या जुरा डोंगरात जा. तिथे बिएन आणि ताकों या नद्यांच्या संगमावर, अरुंद दरीत सां-क्लोद हे छोटंसं गाव आहे. दोल शहरातून येणारी रेल्वे तर आपल्या कोकण रेल्वेची आठवण करून देते. 123 किलोमीटरच्या वाटेत 36 बोगदे लागतात!

या गावाने जगाला तंबाखू ओढायचे लाकडी पाइप दिले. सुरुवात मात्र देवाच्या दारी झाली. सां-क्लोद हे मूळचं तीर्थक्षेत्र. पंढरपूरला तुळशीच्या माळा घ्याव्यात तशा यात्रेकरू इथून लाकडी जपमाळा नेत. त्यातून घरोघरी लाकूड कातण्याची कला रुजली. पुढे तपकिरीच्या डब्या आल्या, मग पाइप आले. पण मातीचा पाइप फुटे आणि साधं लाकूड जळे. 1850 च्या दशकात ‘ब्रुयेर’चा शोध लागला आणि गावाचं नशीब पालटलं.

ब्रुयेर हे भूमध्य समुद्राकाठचं झुडूप. त्याच्या मुळाशी एक टणक गाठ धरते आणि ती सहजी जळत नाही. ही गाठ कापून तासन् तास उकळतात, महिनोन् महिने वाळवतात आणि मगच लेथवर चढवतात. एवढं करूनही आत एखादा खडा किंवा चीर निघाली, तर मेहनत वाया! म्हणूनच संग्राहक पाइप हातात घेतला की आधी लाकडाच्या रेषा पाहतात. ज्वाळेसारख्या उभ्या, सरळ रेषा असलेला निर्दोष पाइप फार मोलाचा. कॅथेड्रलजवळच्या संग्रहालयात पाइप आणि हिरे शेजारी शेजारी मांडलेले आहेत, कारण हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदाही या गावात चाले.

पाइपात भरायच्या तंबाखूची मिश्रणं ही शौकिनांची दुसरी दुनिया. व्हर्जिनिया गोडसर. बर्ली हवेवर वाळवलेली, दुसरा वास चटकन धरणारी. लताकिया सीरिया-सायप्रसकडची, लाकडाच्या धुरावर धरलेली. डबा उघडताच चुलीजवळ बसल्यासारखं वाटतं. लुइझियानातली पेरीक पिंपात दाबून आंबवतात. आपल्या घरोघरच्या गोडा मसाल्यासारखं प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं!

हे सारं वाचायला रम्य आहे, पण पाइपाचा धूर गिळला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानेही होतो. जगात पाइप ओढणारे कमी झाले ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर इथले कारखानेही एकामागून एक बंद पडले. एके काळी हजारो हात जिथे राबत होते, तिथे आता मोजकेच कारागीर उरले आहेत. वाईट सवय सुटते तेव्हा तिच्यावर पोट असलेल्यांचं काय होतं, हा प्रश्न हे गाव आपल्यापुढे ठेवतं.

त्या हातांची एक खूण मात्र ठसठशीत उभी आहे. इथल्या कामगारांनी 1881 मध्ये ‘ला फ्रातेर्नेल’ ही सहकारी संस्था काढली. नफा वाटून न घेता तो आजारपण आणि म्हातारपणासाठी राखला. त्यांनी बांधलेल्या ‘लोकांच्या घरा’त आज नाटक-सिनेमा चालतो. माझ्या मते संग्रहालयाइतकीच ही वास्तू पाहण्याजोगी आहे.

बेळगाव भागातल्या वाचकांना इथे निपाणी आठवेलच. आपली तंबाखू पाइपाची नव्हे, विडीची. 1981 मध्ये तिच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले होते. सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांनी कितीतरी घरं चालवली, मुलं शिकवली. अशा एखाद्या घरातलं जुनं सूप, कात्री, पान कापायचा पत्र्याचा माप माळ्यावर असेल, तर मोडीत देऊ नका. पुसून ठेवा, आणि ते कोणी वापरलं त्या आजीचं नाव एका कागदावर लिहून त्याच्यासोबत जपा. विडी जाऊ दे, आजीचं नाव राहू दे.