मंडपातला माईक

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबा मला नाशिकच्या गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला न्यायचे. १९२२ पासून चालत आलेली ही व्याख्यानमाला. मोठमोठे वक्ते यायचे, पण त्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं, मग मी आपला माईककडे बघत बसायचो. वक्ता हातवारे करत बाजूला सरकला की आवाज पार बसायचा आणि पुन्हा माईकला तोंड भिडवलं की तोच किरकोळ अंगाचा गृहस्थ एकदम पहाडी आवाजात गरजायला लागायचा. जवळ गेलं की खर्ज वाढतो, हे मला तिथंच समजलं. प्रॉक्सिमिटी इफेक्ट हे त्याचं नाव बरंच पुढे कानावर आलं.

गल्लीतल्या गणपतीत माईक म्हणजे अहुजा. १९४० पासूनची ही कंपनी, आणि तिचा माईक नाही असा मंडप मी तरी पाहिलेला नाही. सकाळी अथर्वशीर्ष, दुपारी हरवलेल्या पोराची घोषणा, संध्याकाळी ‘हॅलो, चेक, वन टू थ्री’ करत त्याच्या डोक्यावर टपल्या, आणि रात्री ऑर्केस्ट्रा. जाळीला पोचा पडलेला, आत गुलाल गेलेला, तरी गडी चालूच. ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याचा अँप लोखंडी खुर्चीवर असायचा. साउंडवाला गायकाचाच एक जादा माईक त्याच्यासमोर वाकवून ठेवायचा आणि निघून जायचा. ‘दम मारो दम’ची ती सुरुवातीची गिटार (१९७१ च्या मूळ रेकॉर्डवर ती भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे) कोपऱ्यावरच्या कर्ण्यातून आली की आम्ही पोरं जेवण टाकून पळायचो. गाण्याचा माईक गिटारला कसा चालतो, असा प्रश्न कुणाला पडत नसे.

गिटारला कुठला माईक, हा प्रश्न परवा माझ्या भाच्याला पडला. पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहतो, वीस वॅटचा अँप आहे, कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस आहे. “मामा, रेकॉर्डिंगला कंडेन्सर माईक घेऊ का रे? सगळे तोच वापरतात.”

कंडेन्सर वाईट नाही, पण त्याचे कान फार तिखट. भाच्याच्या खोलीत तो पंखा ऐकणार, कुकरच्या शिट्ट्या ऐकणार, खालची पाण्याची मोटर आणि रिव्हर्स घेणारी गाडीसुद्धा ऐकणार. शिवाय चार उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज आहेच. डायनॅमिक माईक तसा बहिराच. नाकासमोरचं तेवढं त्याला नीट ऐकू येतं, आणि अँपसमोर ठेवायला नेमकं हेच हवं असतं. त्याची रचनाही साधी: एक पातळ पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि एक चुंबक. अँपच्या स्पीकरमध्येही गुंडाळी आणि चुंबकच असतं, फक्त काम उलटं. तिथं विजेनं शंकू हलतो, इथं आवाजानं पडदा हलून वीज तयार होते. म्हणून कानठळ्या बसतील इतका आवाजही तो सहज पचवतो, आणि त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा द्यावा लागत नाही.

जगभर अँपसमोर दिसतो तो शुअरचा एसएम ५७. १९६५ पासून तो बनतोय आणि लिंडन जॉन्सन यांच्या काळापासून अमेरिकेच्या अध्यक्षांपुढेही तोच उभा आहे. गंमत म्हणजे कागदावर त्याची झेप ४० ते १५,००० हर्ट्झ एवढीच. पण गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि गिटारचा स्पीकर पाच-सहा हजारांच्या वर फारसं काही बाहेर सोडतच नाही. मग वीस हजारांपर्यंत ऐकणाऱ्या माईकचे पैसे कशासाठी मोजायचे?

एसएम ५७ झेपत नसेल तर गाण्याचा कुठलाही बरा डायनॅमिक माईक चालेल. बेहरिंगरचा एक्सएम ८५०० आहे, नाहीतर मंडपवाल्याकडचा अहुजा एका दिवसासाठी मागून आणा. फक्त सातशे रुपयांत ‘शुअर’ देणाऱ्यापासून लांब राहा. नकली माल उदंड आहे. खऱ्या एसएम ५७ चं वजन २८४ ग्रॅम भरतं, नकली बहुतेक वेळा हलका निघतो. सराफ बाजाराच्या गावात माईक तोलून घ्यायला लाजायचं कारण नाही.

खरी मेहनत पुढेच आहे. भाच्याला मी खोलीतला दिवा बंद करायला लावला आणि अँपच्या जाळीच्या कापडाला टॉर्च टेकवली. आत शंकू दिसला, मधोमध ती उंचवट्याची टोपीही दिसली. टोपीच्या कडेसमोर कापडावर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि दोन बोटांचं अंतर सोडून माईक उभा केला. मग तो वाजवत राहिला, मी हेडफोन लावून माईक सरकवत राहिलो. टोपीच्या मध्यावर आला की आवाज चरचरीत, कानात टोचणारा. कडेकडे सरकवला की गोल, जरा मऊ. अजून बाहेर गेला की गोणपाटाआडून आल्यासारखा. एवढा फरक करंगळीभर जागेत पडतो, आणि माझ्या मते दोन हजारांचा माईक बदलून दहा हजारांचा आणल्यानेही इतका पडत नाही. अंतराचं म्हणाल तर व्याख्यानमालेतलंच: जाळीला भिडवला तर खर्ज फुगतो, वीतभर मागे घेतला तर उतरतो. डिस्टॉर्शन वाजवताना मी थोडा मागेच घेतो. बेस गिटारची जागा गिटारने खाऊ नये.

भाच्याने शेवटी गाण्याचाच साधा डायनॅमिक माईक घेतला आणि वाचलेल्या पैशांत जड बुडाचा स्टँड. तुम्हीही स्टँडमध्ये काटकसर करू नका. अँपच्या हादऱ्याने माईक बोटभर जरी घसरला, तरी कालचा आवाज आज मिळत नाही. आणि ती चिकटपट्टी काढू नका.